बालप्रोत्साहन उपसमितीची चढाई

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, लिफ्टच्या विषयानंतर आणि पार्किंगच्या भांडणाआधी, एकमताने असा ठराव मंजूर झाला की लहान मुलांना डोंगर चढताना कंटाळा येतो, सबब त्यावर तातडीने उपाययोजना करण्यात यावी.

म्हणजे झालं काय, सांगते. आमची करी रोडची चाळ पाडून टॉवर झाला, पण चाळीतली एक गोष्ट टिकली होती, ती म्हणजे थंडीतली गडाची सहल. जगनकाका सगळ्या पोरांना घेऊन कर्जतच्या पुढे एका छोट्याशा गडावर जायचे. मी पण त्यांच्याच मागे चढलेय, नाक गळत होतं तेव्हापासून. गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याने दगा दिला, आईबाप स्वतःच पोरांना घेऊन गेले, आणि पोरं अर्ध्या वाटेत बसली ती बसलीच. मग सेक्रेटरी गुणवंतीकाकूंनी सभेत सरळ सांगून टाकलं, "यंदा पोरं वर पोचली तर ठीक, नाहीतर सहल बंद, पुढच्या वर्षीपासून रिसॉर्ट. डीजे आहे, जेवण अनलिमिटेड आहे. आणि पोचल्याचा फोटो सोमवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पाहिजे. फोटो नाही तर गड नाही."

काकांचा चेहरा असा काही उतरला ना, की मी पटकन हात वर केला. मला बोलायचं होतं. सभेने त्याचा अर्थ असा लावला की मी उपसमितीवर यायला तयार आहे.

तर बालप्रोत्साहन उपसमिती. अध्यक्ष राकेशदादा. राकेशदादा म्हणजे आमच्या एरियातल्या गणपती मंडळाचा जुना कार्यकर्ता. माणूस सोन्यासारखा, पण त्याला कसलंही काम सांगा, तो आधी दोरखंड मागवतो. बारसं असो, हळद असो, दोन बाजूला दोरी, मधे रांग आणि स्वतःच्या छातीवर बिल्ला.

"पोरं का बसली?" पहिल्याच बैठकीत दादाने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कारण त्यांची कुणी दखल घेतली नाही. माणूस दखलीवर चालतो, रुचिका. आपण टप्प्याटप्प्यावर सत्कार करायचे."

"दादा, पोरांनाच एकदा विचारूया का?"

"विचारलं ना. त्या वैशालीच्या ध्रुवला. म्हणतो, मला पुढे पळू द्या. ते काय विषयपत्रिकेत बसेना."

मी काकांना जाऊन सांगितलं तर ते गुडघा चोळत म्हणाले, "गो, त्येंका सांग, डोंगर आसा तो, हॉल नाय." मी सांगितलं. दादाने सूचनेची नोंद घेतली आणि जास्तीचा स्पीकर घेतला.

रविवारी सकाळी बस गडाच्या पायथ्याशी लागली. आधी बॅनर उतरला, मग बॅटरीवरचे स्पीकर, शाली, नारळांची पोती, स्मृतिचिन्हं. सगळ्यात शेवटी पोरं. तोवर दोऱ्या बांधून झाल्या होत्या. एक साधारण रांग, एक विशेष. विशेष रांग समिती सदस्यांच्या पाल्यांसाठी. दोन्ही रांगा जाऊन एकाच पायवाटेला मिळत होत्या. पहिला सत्कार तिथेच झाला, चढाईचा संकल्प केल्याबद्दल. प्रत्येक पोराला शाल आणि नारळ. ऊन चढायला लागलं होतं आणि पोरं शाली पांघरून उभी, एकेक नारळ पोटाशी धरून.

पहिल्या वळणावर दुसरा सत्कार, सातत्याबद्दल. परत नारळ. आता पोरांना तो उचलवेना, म्हणून तो आईबापांकडे गेला. तिसऱ्या सत्कारापर्यंत आईबाप वाकले. आणि तिथेच वैशालीवहिनी थांबल्या.

"अमितभाऊ, तुमच्या मृणालिनीला जरीची शाल, आणि आमच्या ध्रुवला साधी?"

"वहिनी, ती विशेष रांगेत होती. मी समितीत आहे ना."

"रस्ता एकच आहे ना पण?"

"रस्ता एकच आहे. रांग वेगळी आहे."

दादाने ध्रुवचा समजूतदार बालक म्हणून खास सत्कार करून टाकला. मग काय, सगळ्यांचीच पोरं समजूतदार निघाली. ते आटोपेपर्यंत आईबापांनी बसकण मारली आणि म्हणाले, ओझं आम्ही वाहायचं आणि सत्कार यांचे? आम्हाला कोण प्रोत्साहन देणार? तिथल्या तिथे, करवंदीच्या जाळीशेजारी, पालकप्रोत्साहन उपसमिती स्थापन झाली. दादाने माइक हातात घेतला. विषय होता, आयुष्यात चालत राहण्याचं महत्त्व. ते नीट ऐकता यावं म्हणून सगळ्यांना बसून राहायला सांगण्यात आलं.

ध्रुव माझ्या कानाशी आला. "ताई, हे संपल्यावर काय आहे?"

"मनोगत. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे."

तो मृणालिनीकडे गेला, ती बाकीच्यांकडे गेली, आणि बघता बघता सगळी पोरं दोरीखालून पसार. मी धावले मागे. पुढच्या वळणावर थांबली होती, कान देऊन.

"अजून ऐकू येतंय," मृणालिनी म्हणाली.

मग आणखी वर. तिथेही स्पीकर ऐकू येत होता, दादाने एवढे दोन दोन कशाला आणले होते. कातळातल्या पायऱ्या आल्या, पोरं चार पायांवर चढली. एकाला ठेच लागली, तर तो लंगडत म्हणाला, थांबू नका, तो आवाज येतोय. कुणी पाणी मागितलं नाही, कुणी कडेवर घे म्हणालं नाही, आणि एकदम मोकळं झालं सगळं. नुसता वारा. बघते तर आम्ही माथ्यावर. पोरं त्याच शालींवर बसून गवतातून घसरगुंड्या खेळायला लागली. जरीची शाल जास्त छान घसरते असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून ती आळीपाळीने घेतली.

मी फोटो काढायला खिशात हात घातला. फोन नाही. फोन खाली स्पीकरला जोडलेला. सत्काराचं म्युझिक माझ्याच फोनवरून वाजत होतं.

खाली येऊन सांगितलं, तर दादाचे डोळेच भरून आले. "म्हणजे माझ्या भाषणाने पोरं वर गेली?"

"हो," मी म्हटलं. याहून खरं मी आयुष्यात काही बोलले नव्हते. "पण दादा, फोटो नाहीये. पोरं परत चढायला तयार आहेत. नुसतं फोन घेऊन जाऊया."

"आता?" अमितभाऊ आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "अजून आभारप्रदर्शन बाकी आहे."

सोमवारी सकाळी आमच्या टॉवरच्या गच्चीवर फ्लेक्स लागला. त्यावर गड, मागे ढग. सगळे पालक लिफ्टने वर आले, हातात नारळ. घाम दिसावा म्हणून वैशालीवहिनींनी कुंड्यांच्या स्प्रेने प्रत्येकाच्या तोंडावर पाणी मारलं.

"पोरं कुठेत?" मी विचारलं.

"शाळेत," दादा म्हणाला. "अगं, त्यांचं यश म्हणजे आईबापांचंच यश ना."

फोटो ग्रुपवर पडला. काकूंनी तो पुरावा म्हणून स्वीकारला. रिसॉर्ट रद्द, सहल वाचली. मी काकांकडे धावतच सुटणार होते, पण काकूंचं पुढचं वाक्य आलं: गच्चीवर कुणी दमलं नाही, भांडण झालं नाही, सबब पुढील वर्षापासून गडाची सहल गच्चीवरच घेण्यात यावी. ठराव एकमताने मंजूर.

जगनकाकांनी चष्मा लावून तो फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. "आणि पोरां खंय?" म्हणाले. एवढ्या माणसांत, माझ्याशिवाय, पोरं कुठे असं विचारणारे ते एकटेच.

तुम्हालाही आला असेल तो फोटो, फॉरवर्ड होत होत. मला माहितीये, आलाय. तुम्ही त्याला अंगठा दिलात आणि खाली लिहिलंत, पोरं किती फ्रेश दिसतायत.