हेर आल्बर्स यांची ओळख न पटण्याबाबत

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात विब्के बाईंचा स्टुडिओ होता. मोठ्या माणसांना त्यांच्याच विनंतीवरून दोराने बांधायचे, दटावायचे, हुकूम सोडायचे आणि शेवटी पांघरूण देऊन गरम कोको पाजायचा, असा तो रीतसर नोंदणीकृत व्यवसाय. दशकपूर्तीनिमित्त रविवारी दुपारी कॉफी, केक आणि नवख्यांची भीती मोडावी म्हणून एका अनुभवाचे वाचन ठरले. अनुभव हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) आल्बर्स यांचा. बाईंनी त्यांची परवानगी आधी मागितली. विचारल्याशिवाय त्या साधी गाठही मारत नसत.

हेर आल्बर्स सरकारी कचेरीत गोपनीयता अधिकारी होते.

"सांगा की बिनधास्त," ते म्हणाले. "फक्त मी ओळखू येता कामा नये. कचेरीत कळलं तर सोमवारपासून मला कोण मानील?"

"तुम्हाला बेकरीवाला करते."

"आमच्या गल्लीत आहे एक बेकरीवाला. बिचाऱ्यावर उगाच संशय. त्याला विचारलंत?"

बेकरीवाला गेला, 'एक व्यक्ती' आली. हेर आल्बर्स सुटीत शिडाची होडी चालवत, तिथल्या मंडळींना शंका येईल म्हणून दोर गेला. कोकोवरची साय त्यांना खपत नाही, हे त्यांच्या आईला माहीत होते. साय गेली, तिच्यामागून कोकोही गेला.

"अहो, उरलं काय आता?" बाई वैतागल्या. "ऐका. 'एक व्यक्ती आली. बस म्हटल्यावर बसली. तिला बरं वाटलं.' ही तर कुत्र्याची गोष्ट झाली!"

"मग कुत्र्याच्या मालकाची संमती?"

"लाल!" बाई ओरडल्या. लाल म्हटले की सगळे तिथल्या तिथे थांबवायचे, हा त्या खोलीचा नियम. तो शब्द बाईंच्या तोंडून प्रथमच बाहेर पडला होता.

हेर आल्बर्स थांबले. मग हळूच म्हणाले, "एक वाक्य राहू द्या. मी म्हणालो होतो ना, अख्ख्या शहरात मला विचारून काही करणाऱ्या तुम्ही एकट्याच. तेवढं राहू द्या."

रविवारी खोली गच्च भरली. खुर्ची न मिळालेले लोक प्लमच्या केकची बशी सांभाळत भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी ते वाक्य वाचले आणि कुणीतरी नाक शिंकरले.

"माझीच गोष्ट ही," भिंतीजवळचे एक गृहस्थ पुटपुटले.

"तुमची कशी? माझी आहे!" शेजारचे तडकले. "आणि मला न विचारता!"

ओळख पटू नये म्हणून ज्यांनी आपल्या कोकोवर पाणी सोडले होते, त्या हेर आल्बर्सना हे मात्र सोसवेना. ते ताडकन उठले. "काहीतरीच काय! ते वाक्य तर..."

सगळ्या माना वळल्या. आणखी एक शब्द, आणि सोमवारी कचेरीत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"बस खाली!" बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, कामावरचा.

हेर आल्बर्स बसले. भिंतीजवळचे सगळेही बशीसकट जमिनीवर बसले. जे आधीच बसलेले होते, त्यांनी गुडघे जुळवले. यातले हेर आल्बर्स कोणते, हे आता कुणालाच सांगता येईना. गोपनीयतेचे इतके चोख पालन त्यांच्या कचेरीतही कधी झाले नव्हते.

आणि तुम्ही? तो हुकूम वाचताना तुमची पाठ जराशी ताठ झाली, ती दिसली हो आम्हाला. घाबरू नका, कुठे बोलणार नाही. बोलायची वेळ आलीच, तर आधी विचारू. तुम्हाला बेकरीवाला केले तर चालेल ना?