तिसरं ‘नको’

लायल हॅगेन आपल्या गॅरेजच्या दारात उभा होता. हातात गाडीचं माहितीपुस्तक होतं, पान बावीसवर उघडलेलं. त्या पानावर स्वच्छ छापलं होतं, की या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते सैल करायचे तर पाना उजवीकडे फिरवायचा. आणि समोर, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून, शेजारचा नॉर्ब शुल्ट्झ सगळं बळ लावून पाना डावीकडे फिरवत होता.

लायलने घसा खाकरला. पुस्तकात जरा वेगळं दिलंय, असं तो म्हणणार होता. त्यातलं ‘पुस्तकात’ एवढंच बाहेर पडलं.

“पुस्तक राहू दे,” नॉर्ब म्हणाला. “गंजलाय.”

त्याने पान्याच्या दांड्यात तीन फुटी पाइप घातला आणि त्यावर जवळजवळ झोपला. कट् असा आवाज झाला आणि नट आतल्या बोल्टाच्या तुकड्यासकट जमिनीवर गडगडत गेला. नॉर्बने दुसरा नट धरला. लायलने पुस्तक मिटलं. चाळीस वर्षं गावच्या वाचनालयात त्याने लोकांना हळू बोलायला सांगितलं होतं, आणि या कामात तो स्वतःच इतका तयार झाला होता की आता त्याचं बोलणं कुणालाच ऐकू जात नसे.

गाडी त्याची नव्हती. ती त्याच्या मोठ्या बहिणीची, मर्नाची होती. १९६३ सालची फिकट निळी व्हॅलियंट, छोटी, चौकोनी, डॅशबोर्डावर डावीकडे गिअरची बटणं असलेली. मर्नाने ती शिक्षिकेच्या नोकरीला लागल्यावर नवी कोरी घेतली आणि डोळे जाईपर्यंत चालवली. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती, वृद्धाश्रमात होती, आणि तिला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. गावातल्या निम्म्या लोकांना तिने तिसरीत शिकवलेलं होतं. म्हणून या वर्षी चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे मिस हॅगेन बसतील, असं गावाने ठरवलं. तिने एकच अट घातली.

“माझ्या गाडीत बसेन,” ती लायलला म्हणाली होती. “दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी मिरवणार नाही. तेवढं करशील ना रे?”

तिने आयुष्यात लायलकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. तेव्हा एप्रिल चालू होता. गाडीला ब्रेकचे नवे लायनर आणि थोडी साफसफाई हवी होती. दोन दुपारांचं काम. लायलने ते पुस्तकात बघून करायला घेतलं, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून नॉर्ब आला. जन्मभर त्याने ट्रॅक्टर आणि दुधाचे टँकर दुरुस्त केले होते. मदत करू का, असं त्याने विचारलं.

लायल म्हणाला, “नको.”

इथे एक गोष्ट आहे. आमच्या मिनेसोटातल्या या भागात पहिल्या ‘नको’ला काही अर्थ नसतो. कुणी कॉफी विचारली की माणूस नको म्हणतो. पुन्हा विचारलं की पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की, आता इतका आग्रह करताय तर अर्धा कप घेतो, असं म्हणून दोन कप पितो. पहिली दोन ‘नको’ ही रीत. खरं ‘नको’ तिसरं. आणि लायल बहात्तर वर्षांत तिसऱ्या ‘नको’पर्यंत कधी पोचलाच नव्हता. तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाचं मन मोडायचं म्हणजे काय, ते त्याला कळतच नसे.

तर नॉर्बने तीन बोल्ट तोडले, उरलेले दोन गॅसने कापले आणि निकाल दिला, की चाकाचा मधला भागच बाद झाला. नाहीतरी ते जुने ब्रेक म्हणजे बाईंच्या जिवाशी खेळ. आता पुढे डिस्क ब्रेकच बसवू. नॉर्ब तिसरीत मर्नाचा विद्यार्थी होता आणि सहासष्टाव्या वर्षीही तिला बाईच म्हणत असे. लायल दोनदा नको म्हणाला. नॉर्बने तिसऱ्यांदा विचारलं.

नव्या ब्रेकांना जुनी चाकं बसेनात. बोल्टांमधलं अंतर वेगळं होतं. म्हणून पुढे नवी चाकं आली. मग पुढची चाकं एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची, म्हणजे जादा चाकंही दोन बाळगावी लागणार. ते काही बरं दिसेना. तेव्हा नॉर्बने कुठल्याशा थोराड गाडीचा मागचा अ‍ॅक्सल मिळवला आणि जुना अ‍ॅक्सल दोन्ही चाकांसकट ओढत, रस्त्यावरून गडगडवत आपल्या कोठाराकडे नेला.

“तुला अडगळ नको,” तो म्हणाला. मजुरी द्यायचा विषय काढला तर त्याला राग येई. भंगार तेवढं मी नेतो, असं तो म्हणे. त्याच्या कोठारात तसल्याच एका हिरव्या गाडीचा रिकामा सांगाडा पंचवीस वर्षं पडून होता आणि त्यात कोंबड्या अंडी घालत. आणखी थोडं लोखंड तिथे सहज मावलं असतं.

मे महिन्यात गाडी प्रथमच रस्त्यावर आली आणि चर्चच्या चढावर उभी राहिली. नव्या अ‍ॅक्सलला जुनं इंजिन पुरेना. नॉर्बने दु:खाने मान हलवली आणि आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. ते बसवलं तर त्याचा धुराचा पाइप स्टिअरिंगला अडू लागला, म्हणून स्टिअरिंग बदललं. त्याबरोबर हॉर्नची ती चकचकीत गोल कडी गेली. मोठ्या इंजिनाला मोठा गिअरबॉक्स लागला. त्याला बटणं चालेनात, म्हणून जमिनीतून गुडघ्याएवढी दांडी वर आली. दांडी लांब सीटच्या बरोबर मधोमध आली, म्हणून सीट गेली आणि शर्यतीच्या गाडीतल्यासारख्या दोन खोलगट खुर्च्या आल्या. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. लायलला यातलं काहीही चुकीचं म्हणून दाखवता येत नव्हतं. रात्री अंथरुणात त्याला वाटे, की पान बावीस मोठ्याने वाचलं असतं तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. हे फक्त त्याला आणि पुस्तकाला माहीत होतं.

तो दर रविवारी मर्नाला भेटायला जाई. ती सगळं विचारून घेई. ब्रेक झाले का? झाले. इंजिन चालतं का? चांगलंच चालतं.

“बटणं अडकत नाहीत ना? दोन नंबरचं अडकायचं. जरा अंगठा तिरका करावा लागायचा.”

“आता मुळीच अडकत नाही,” लायल म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

जूनच्या शेवटी नॉर्बने गाडीला टोमॅटोसारखा लाल रंग दिला. दिवसभर तो लायलकडे असे आणि संध्याकाळी त्याच्या कोठारातून ठोकाठोकीचा आवाज येई. लायलने त्याबद्दल विचारलं नाही. आपल्या गाडीचं आणखी काही होत नाहीये, एवढंच त्याला पुरेसं होतं.

चार जुलैला सकाळी शाळेच्या पटांगणात मिरवणूक जमली. शाळेचा बँड, अग्निशमनाचा बंब, घोडेस्वार, ट्रॅक्टर. लायलने मर्नाला हाताला धरून लाल गाडीपाशी आणलं. दारावर ‘मिस हॅगेन’ असा कागद चिकटवला होता. मुलांसाठी उधळायच्या गोळ्यांची पिशवी आत ठेवलेली होती. मर्ना खुर्चीत बसली, म्हणजे खुर्चीत पडली. तिने डावीकडे हात लांब केला. डॅशबोर्डावर हात फिरवला, एकदा आणि परत एकदा. मग तिची बोटं दांडीला लागली आणि तिने हात मागे घेतला.

“लायल,” ती हळूच म्हणाली, “ही कुणाची गाडी आहे?”

लायलने सांगायला सुरुवात केली. ब्रेकपासून सुरुवात केली. अ‍ॅक्सलपर्यंत येता येता त्याचा आवाज बंद पडला.

“मला उतरव,” मर्ना म्हणाली. ती रागावली नव्हती. तिसरीतल्या मुलाने गृहपाठ केला नाही म्हणून सांगितल्यावर ती अशीच बोलत असावी. लायलला वाटलं, जमीन दुभंगून आपण, गाडी आणि शक्य झालं तर नॉर्बही आत जावा.

तेवढ्यात पटांगणाच्या टोकाकडून खुळखुळ, खुळखुळ असा बारीक आवाज करत एक हिरवी गाडी आली. गंजाचे ठिपके तसेच होते, छपरावर एक कोंबडीचं पीस होतं, आणि स्टिअरिंगमागे बसून नॉर्ब लाजत हसत होता.

“म्हटलं, बघू तरी चालते का,” तो लायलला म्हणाला. “सगळं तुझ्याकडून नेलेलंच सामान आहे. एक खिळा बाहेरून आणला नाही.”

मर्ना थांबली होती. तिने मान तिरकी करून इंजिन ऐकलं. मग कुणाचाही हात न धरता ती हिरव्या गाडीकडे चालत गेली, दार उघडलं, लांब सीटवर आतपर्यंत सरकली आणि नॉर्बच्या पुढून हात घालून दोन नंबरचं बटण दाबलं. अंगठा तिरका करून.

“हं,” ती म्हणाली. “ही माझी.”

अशी मिरवणूक निघाली. पुढे हिरवी गाडी, त्यात मर्ना हात हलवतेय. मागे लाल गाडीत लायल एकटा, दारावर ‘मिस हॅगेन’ लिहिलेलं. लोक वाचत, आत बघत आणि सभ्यपणे त्यालाच हात करत. गोळ्या त्याच्याकडेच राहिल्या होत्या, म्हणून त्या त्यालाच उधळाव्या लागल्या.

बँकेसमोर हिरव्या गाडीचं मागचं डावं चाक फुस्स करून बसलं. टायर मर्नाच्या गाडीवरचाच, जुना होता. मागचा सगळा बँड वाजवायचा थांबला. नॉर्ब उतरला, पाना लावला, डावीकडे जोर केला. नट हलेना. तो पाइप शोधू लागला.

गाडीतून मर्नाचा आवाज आला. “नॉर्बर्ट, या बाजूचे उलटे फिरतात. पन्नास वर्षं मीच बदलायचे.”

नॉर्बने पाना उजवीकडे फिरवला. नट लोण्यातून निघावा तसा निघाला. त्याने नट हातात फिरवून आटे पाहिले. मग मान वर करून त्याने मागच्या गाडीतून उतरून आलेल्या लायलकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं?”

“हो,” लायल म्हणाला.

“कधीपासून?”

“एप्रिलपासून. पान बावीस.”

“मग बोलला का नाहीस?”

लायलने प्रामाणिकपणे विचार केला. “तू मदत करत होतास,” तो म्हणाला.

नॉर्बने खाली मान घालून चाक बदललं. हात पुसले. त्याचे कान लाल झाले होते. मर्ना आतून म्हणत होती, की लायल, दर रविवारी मला चर्चला यातूनच ने.

“अदलाबदल करू,” नॉर्ब म्हणाला. “ही तू घे. लाल मी नेतो.”

लायलचं काळीज एवढं मोठं झालं. “छे, नको रे,” तो म्हणाला. “तुझी मेहनत.”

“घे म्हणतो ना.”

“नको, नको.”

आणि तो वाट पाहत उभा राहिला. नॉर्बने तोंड उघडलं. त्याच क्षणी बँडमास्तरचा धीर सुटला आणि पंचवीस पोरांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. नॉर्बने तोंड मिटलं, टोपी सारखी केली आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायलने आरशासमोर उभं राहून ‘हो’ म्हणून पाहिलं. आधी हळू, मग ऐकू जाईल इतक्या आवाजात. तिसरा प्रश्न अजून शिल्लक होता, आणि नॉर्ब रीतीचा माणूस होता. नऊ वाजता तो आलाच. कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, “कालपासून माझ्या मनात घोळतंय, लायल. त्या गाडीचं.”

“हो,” लायल म्हणाला.

“पुरतं ऐक तरी.”

“ऐकायला नको. हो. माझं हो आहे.”

नॉर्ब बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. लायलला एका झटक्यात हो म्हणताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. “तुला राग आला असेल असं वाटलं होतं मला,” तो म्हणाला. “मग आजच घेऊ कापायला. लाल रंगाला छप्पर शोभतच नाही.”

“नको,” लायल म्हणाला.

नॉर्बने समाधानाने मान हलवली आणि तो करवत आणायला गेला.