मुंग्यांच्या वर्गातली शेवटची विद्यार्थिनी

हजर : मोजवणार नाहीत इतके

आत्याला शिकायचं होतं विणकाम. भाचेसुनेचे दिवस भरत आले होते आणि बाळाचा पहिला स्वेटर आपल्या हातचा, असं आत्याने घरभर ऐकवून ठेवलं होतं. भाच्याने फोनवर फुकटचे ऑनलाइन वर्ग शोधून दिले. आत्याचा अंगठा एक ओळ खाली पडला आणि ती ‘मुंग्यांचं समाजजीवन’ या वर्गात जाऊन बसली.

"चुकलं ना? मग पड बाहेर," भाचा म्हणाला. "फुकट तर आहे."

"अरे, बाई बोलतायत. मधेच कसं उठायचं?"

आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं.

हजर : बोटांवर मोजण्याइतके

हळूहळू पडद्यावरच्या चौकटी गळू लागल्या. कोणाचं नेट गेलं, कोणाची हौस फिटली. विणकामाचा वर्ग नेमका त्याच वेळी. लोकर पिशवीतच.

"आत्या, सोड ना आता!"

"पैसे भरले असते तर हक्काने सोडलं असतं रे. फुकट शिकवतेय बिचारी, कुठल्या तोंडाने सोडू?"

प्रश्न : अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं?
(अ) लाल बटण दाबावं.
(ब) नेट गेल्याचं नाटक करावं.
(क) घरच्यांना वर्गात बसवावं.

आत्याने (क) निवडलं. भाचा आणि भाचेसून आपापले फोन उघडून बसले. वर्ग भरलेला बघून बाईंना इतका हुरूप आला, की त्यांनी तास वाढवला!

"राणी मुंगी काय करते, तुम्ही सांगा," त्यांनी भाच्याला विचारलं.

"सगळ्यांना कामाला लावते," भाचा आत्याकडे बघत म्हणाला.

हजर : आत्या

भाच्याने हात टेकले; बसून बसून भाचेसुनेची कंबर आखडली. शेवटी आत्याने धीर केला.

"बाई, रागावू नका, पण मला मुंग्यांतलं ओ की ठो कळत नाही. मला स्वेटर विणायचाय. बाळ यायची वेळ झाली."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो आत्या, मला केव्हाच बंद करायचं होतं! नवी नोकरी लागलीय, धापा टाकत घरी येते. पण तुम्ही रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसता. कुठल्या तोंडाने सांगणार?"

वर्ग रीतसर संपला.

हजर : कोणीही नसावं

दुसऱ्या संध्याकाळी आत्या विणकामाच्या वर्गात बसली. एक टाका पडला, दुसरा सुटला. मनात आलं, बाई सवयीने येऊन बसल्या तर? एकट्याच? नुसतं डोकावून यावं.

तिने मुंग्यांचा वर्ग उघडला. बाई बसल्या होत्या. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती.

"तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी आपली बघायला आले, तुम्ही चुकून आलात की काय."

"मीपण."

दोघी जरा ओशाळल्या. मग आत्याने सुया कॅमेऱ्यापुढे धरल्या. "हा टाका सुटलाय बघा. येतं का तुम्हाला यातलं?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. "दाखवा."