दीड स्टार आणि एक पाणसळ

चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीतले शेवटचे अक्षर पडद्यावरून जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा समीक्षक म्हणून माझा पहिला नियम आहे. सफाईवाले येतात, माझ्या पायांभोवती झाडू फिरवतात, एकमेकांकडे पाहून खांदे उडवतात. मी हलत नाही. हा नियम मी आजवर एकदाच मोडला, आणि तोही वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी. (तो त्या दिवशी आलाच नाही. सांगितलेल्या वेळी माणूस येईल असे मानण्याइतकी मी अजून आशावादी आहे. घरच्यांचे मत निराळे आहे.)

त्या दिवशीचा चित्रपट नाताळचा होता. कौटुंबिक, विनोदी आणि जाहिरातीच्या शब्दांत 'आबालवृद्धांसाठी'. हे सारे एकत्र आले की मी पर्समध्ये डोकेदुखीची गोळी ठेवते. त्यात आजोबा सांताक्लॉजच्या वेषात माळ्याच्या दारात अडकतात, कुत्रा केक फस्त करतो आणि दोन सख्खे भाऊ दिव्यांच्या एकाच माळेत गुंडाळले जाऊन भांडतात. या गदारोळातून घरची मोठी सून हातात पाणसळ घेऊन फिरत असते. पाणसळ म्हणजे विटांचा थर सरळ बसला की नाही ते पाहायची गवंड्याची पट्टी. मधोमध काचेत बुडबुडा असतो, तीच. ही बाई पाणसळ लावून नाताळचे झाड तपासते, जेवणाचे टेबल तपासते आणि लहानग्या पुतणीने कागदाची चांदणी करून आणली तर तीही तपासून निर्विकारपणे सांगते, "वाकडी आहे."

मी अंधारात वहीत लिहिले, 'सहानुभूतीचा संपूर्ण अभाव', आणि ते दोनदा अधोरेखित केले. (पहिली रेघ तिरकी आली होती.)

घरी येऊन मशीनसमोर बसून मी परीक्षण लिहिले, कारण पिळताना ते मशीन चालत चालत दारापर्यंत येते आणि त्याला कोणीतरी अडवावे लागते. निर्मात्यांच्या पत्रकात लेखकाच्या जागी फक्त 'लेखन विभाग' असे छापले होते, त्यामुळे मी विभागालाच धारेवर धरले. माझे समारोपाचे वाक्य मला विशेष आवडले होते: 'कोणत्याही घरात अशी बाई नांदू शकत नाही, आणि नांदलीच तर घरचे तिला इतकी वर्षे सहन करतील हे पटकथेतील सर्वांत अविश्वसनीय गृहीतक आहे. शिवाय, कोणत्या घरात स्वयंपाकघराच्या खणात पाणसळ असते?'

(आमच्या घरात ती स्वयंपाकघराच्या खणात नसते. त्या क्षणी ती मशीनवर होती. एरवी दिवाणखान्यात असते, कारण तिथल्या तसबिरी हलतात. आमच्या सगळ्या तसबिरी सरळ आहेत. एक सोडून, पण तिचे कारण वेगळे आहे.)

दीड स्टार दिले आणि झोपले.

सकाळी चहाच्या टेबलावर वर्तमानपत्र नव्हते. सासूबाई माझे परीक्षण रोज मोठ्याने वाचतात, मध्येमध्ये "कळलं नाही, पण छान आहे" असे म्हणतात. आज त्या शेंगा सोलत होत्या, आणि सालांखाली वर्तमानपत्र होते. माझे परीक्षण वरच्या बाजूला होते.

"आई, आज वाचलं नाहीत?"

"वाचलं. मनात वाचलं."

यजमान दंतवैद्य आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस घरी स्वतःचे शक्यतो उघडत नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"चित्रपट कोणी लिहिलाय, पाहिलंस का?"

"लेखन विभागानं."

"शेवटी नाव येतं."

"शेवटी मी नव्हते. मशीनवाला येणार होता."

"अगं, धाकटीनं लिहिलाय," सासूबाई शेंगेकडे पाहत म्हणाल्या.

धाकटी म्हणजे माझी नणंद. वरच्याच मजल्यावर राहते, पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करते, आणि संध्याकाळी दार लावून काय करते याची मी कधी चौकशी केली नव्हती.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस?" यजमान म्हणाले. "ओळखीच्यांच्या कामावर लिहीत नाही म्हणून मामांच्या नाटकाच्या वेळी ताप आणलास. तिला तर तुझंच मत हवं होतं. म्हणून आम्ही सगळे तोंड शिवून बसलो."

"आणि ती मोठी सून..."

सासूबाईंनी एक शेंग जरा जास्तच जोरात मोडली.

"कोणत्याही घरात अशी बाई नांदू शकत नाही, असं लिहिलंयस," त्या अखेर म्हणाल्या. "नांदवली की आम्ही."

मी वर गेले. धाकटीने दार उघडले, पण पूर्ण नाही.

"बाकीच्यांनीही झोडपलंय," मी म्हणाले. हे सांत्वन म्हणून म्हणाले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. "एकानं लिहिलंय की अभिनय फक्त कुत्र्याला येतो."

"वाचलं. त्यांचं काही नाही वहिनी, ते मला ओळखत नाहीत."

"मीही ओळखलं नाही."

"मला नाही ओळखलंस, ते ठीक आहे. स्वतःलाच ओळखलं नाहीस." ती हसली, पण ते हसू ओठांपलीकडे गेले नाही. "पुढच्या चित्रपटाचं विचारलंय निर्मात्यांनी. सोमवारी नाही म्हणून कळवते. जिला मी जन्मभर पाहत आले तीच जर खोटी वाटत असेल, तर मला लिहिता येत नाही."

"अगं, एका परीक्षणावरून..."

"तुझ्या परीक्षणावरून," ती म्हणाली, आणि दार लावले. हळू लावले. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

छापलेले परीक्षण मागे घ्यायचे नाही, हा माझा दुसरा नियम. मात्र चित्रपट पुन्हा पाहायला कोणताच नियम आड येत नव्हता. रविवारी दुपारी सासूबाई, यजमान आणि मी गेलो. सभागृहात आमच्याखेरीज एक जोडपे होते, आणि त्यांना चित्रपटाशी काही कर्तव्य नव्हते. वही मी घरी ठेवली होती, त्यामुळे हातांचे काय करायचे ते कळत नव्हते.

मोठी सून चांदणीला म्हणाली, "वाकडी आहे." पोरगी रडत बाहेर पळाली, तिच्या मागे सगळे पळाले. आणि मग, ज्या वेळी मी मागच्या खेपेस मान खाली घालून दुसरी रेघ मारत होते, त्या वेळी ती बाई एकटीच झाडाशी गेली. तिने ती वाकडी चांदणी शेंड्यावर बसवली, तिला पाणसळ लावली, आणि झाडाच्या बुंध्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत राहिली. झाड कलते झाले आणि चांदणी सरळ झाली. बुडबुडा मधोमध आला. तिने पाणसळ पदराखाली लपवली आणि कोणी यायच्या आत निघून गेली.

सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "समुद्राची तसबीर," त्या म्हणाल्या.

आमच्या दिवाणखान्यातील ती एकच वाकडी तसबीर. धाकटीने शाळेत असताना काढलेल्या त्या चित्रातला समुद्र एका बाजूला सांडत होता. मी तसे स्पष्ट सांगितले होते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मग मी चौकट तिरपी टांगली, समुद्र सपाट झाला, आणि मी ते विसरून गेले. ती विसरली नव्हती.

या खेपेस मी शेवटच्या अक्षरापर्यंत बसले. धाकटीच्या नावाखाली एकच शब्द होता: 'वहिनीला.' सफाईवाला झाडू घेऊन आला आणि माझ्याकडे पाहून परत गेला.

"यात एकच गोष्ट न पटण्यासारखी आहे," बाहेर पडताना यजमान म्हणाले. "त्या बाईचा नवरा तिला उलट बोलतो."

घरी येऊन मी धाकटीसाठी माफी लिहिली. चार मसुदे केले. युक्तिवाद नीट मांडला, कारणे सांगितली, मशीनवाल्याचा उल्लेख ठेवावा की काढावा यावर बराच विचार केला, आणि कागद घेऊन वर गेले. तिने तो दारातच वाचला. चेहऱ्यावर काहीच दिसेना. आपल्या परीक्षणाची वाट पाहणे म्हणजे काय असते, हे मला या वयात प्रथमच कळले.

"लाल पेन दे," ती म्हणाली.

मी दिले. (ते माझ्याजवळ असतेच.) तिने भिंतीवर कागद टेकवून बरेच काही खोडले, समासात काहीतरी लिहिले, कागद माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतले. पेन परत दिले नाही. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

जिन्यात दिव्याखाली उभी राहून मी वाचले: 'दीड स्टार. लांबण फार. नायिका अजूनही अविश्वसनीय. पुढच्या चित्रपटात तिला आणखी वाव देते आहे.'