नॉर्थ फोर्कची यादी

यंदा दोन्ही संघांची तुलना प्रामाणिकपणे करायची, असं मी मार्चमधल्या एका रविवारी ठरवलं. इतकी वर्षं ती तशी न करता माझा संसार सुरळीत चालला होता, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी मर्ल टॉलेफसन. वेल्डनच्या लायसन्स ऑफिसात खिडकीमागे बसतो आणि दर वसंतात, बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, गावच्या साप्ताहिकात एक लेख लिहितो. आमचे वेल्डन बॅजर्स आणि नदीपलीकडचे नॉर्थ फोर्क लून्स, यंदा भारी कोण? सतरा वर्षं मी 'बॅजर्स' असं ठणकावून सांगत आलोय. त्यातली तेरा वर्षं लून्सनी आम्हाला धुतलं. (उरलेल्या चारांपैकी एकदा त्यांची बस वाटेत बंद पडली होती.)

तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही गावांच्या खेळाडूंच्या याद्या शेजारी शेजारी मांडून मी बसलो होतो. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एक सुतार, तोही पाठदुखीवाला. त्यांनी ड्यूई रास्क नावाचा नवा डावखुरा आणला होता, दुधाच्या डेअरीतला, आणि त्याचा चेंडू दिसायच्या आधी ऐकू येतो अशी ख्याती होती. माझी बायको व्हर्ना बटाटे सोलता सोलता खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "ग्लेनने यंदा संघ छान बांधलाय."

बस, एवढंच. पण 'लून्सनी' नाही म्हणाली. 'ग्लेनने' म्हणाली.

ग्लेन ओस्टबी हा लून्सचा मॅनेजर. व्हर्ना मूळची नॉर्थ फोर्कची आणि माझ्या आधी तिचा साखरपुडा झाला होता तो याच ग्लेनशी. चोपन्न वर्षांचा झाला तरी डोक्यावरचा एक केस हललेला नाही. माझे हलले, आणि गेलेही. सव्वीस वर्षांच्या संसारात मी बांधलेल्या कशालाही व्हर्ना 'छान' म्हणालेली मला आठवत नाही. घरापुढचा लाकडी ओटा मी स्वतः बांधला, त्याला ती घसरगुंडी म्हणते.

आठवडाभर ते 'छान' माझ्या डोक्यातून जाईना. शनिवारी दुपारी, दारापुढच्या बर्फावर टाकायचं मीठ आणतो असं सांगून मी गाडी काढली आणि थेट पूल ओलांडला. मैदानावर अजून बर्फ होता, म्हणून लून्सचा सराव शाळेच्या बंद हॉलमध्ये चालतो हे मला माहीत होतं. टोपी भुवयांपर्यंत ओढली, मफलर नाकापर्यंत घेतला आणि सगळ्यात वरच्या बाकावर बसून यादी पुरी करू लागलो.

मला कोणी ओळखलं नाही. गोंधळ झाला तो नेमका त्यामुळेच. डावखुऱ्यासमोर बॅट घेऊन उभं राहायला एक माणूस कमी पडत होता. ग्लेनने वर पाहून हाक मारली आणि निवड चाचणीला आला आहेस का, असं विचारलं. नाही म्हणायला तोंड उघडावं तर आवाज ओळखला जाणार. मी मान हलवली. माझ्या मते ती आडवी हलवली होती. मफलरमुळे ती उभी दिसली असावी.

दोन मिनिटांत माझ्या हातात बॅट होती. रास्कने हात फिरवला. लोक म्हणतात ते खरं आहे, चेंडू आधी ऐकू येतो. तो मला लागला नाही, पण मी जमिनीला लागलो, आणि तेही बसून. टोपी एकीकडे, मफलर दुसरीकडे. ग्लेन वाकून पाहत म्हणाला, "अरे, हा तर मर्ल!"

त्याने मला स्वतःच्या गाडीतून घरी आणलं. दुखण्यापेक्षा तेच जास्त दुखलं. व्हर्नाने दार उघडलं, मिठाचं विचारलं नाही, कॉफी टाकली. मला बसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मी फ्रिजला टेकून उभा राहिलो आणि ग्लेन माझ्या खुर्चीत बसला. माझ्या कोटातून पडलेला कागद त्याने उचलून आणला होता. तो वाचू लागला. पिचर, लून्स. कॅचर, लून्स. नऊपैकी सात जागा मी त्यांना दिल्या होत्या. त्याचा चेहरा फुलत गेला. मग त्याने शेवटची ओळ वाचली आणि कागद व्हर्नाकडे सरकवला.

"'मॅनेजर: केस चांगले,'" व्हर्नाने मोठ्याने वाचलं आणि ओठ आवळून ओव्हनकडे वळली. तिने ग्लेनसाठी रूबार्ब पाय या आंबटगोड पदार्थाचा भलामोठा तुकडा कापला. मला असा तुकडा फक्त वाढदिवसाला मिळतो. तेव्हा मात्र माझ्याने राहवेना.

"ग्लेन," मी म्हणालो, "नॉर्थ फोर्क सोडून वेल्डनला गेलेल्यांचं कधी वाईट वाटतं?"

ग्लेनने कपात पाहिलं. "रोज वाटतं," तो म्हणाला. "तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत, मर्ल. ते झटकन वाकणं, ते वळणं. कधी तक्रार नाही. जवळ होतं तेव्हा मी कदर केली नाही, आणि आता नदीपलीकडे तुम्ही मजा करताय."

व्हर्ना पायचं ताट हातात घेऊन तशीच थांबली. तिचे कान लाल झाले होते. माझे तर पेटलेच होते.

"ती माझी बायको आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"व्हर्ना."

ग्लेनने आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "मी किप वेंटबद्दल बोलतोय," तो म्हणाला. "तुमचा शॉर्टस्टॉप. येईल तो चेंडू वाकून उचलणारा. आमच्याकडूनच गेला ना तो?"

व्हर्नाने तो तुकडा सुरीने मधोमध कापला, अर्धा पुन्हा भांड्यात ठेवला आणि उरलेला ग्लेनपुढे आदळला. त्याने तो फार पटापट खाल्ला आणि निघून गेला.

मला कसं हलकं हलकं वाटत होतं. व्हर्ना मात्र भांडी जरा जोरातच घासत होती. तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो की तो माणूसच बिनडोक, घरात तुझ्यासारखी बाई समोर असताना शॉर्टस्टॉप कसला आठवतो.

ती हात पुसत वळली. "समज, त्याने तुला सांगितलं असतं, व्हर्ना तरी ठेव, नाहीतर हा डावखुरा पिचर घे. तर?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं, मी शपथेवर सांगतो. फक्त रास्क पूर्ण हंगाम खेळणार, की गवत कापणीच्या दिवसांत डेअरीवर परत जाणार, एवढंच मनात येऊन गेलं.

"व्हर्ना," मी ठामपणे म्हणालो.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "अकरा सेकंद," ती म्हणाली. "ग्लेनलाही मी हेच विचारलं होतं, तेव्हाच्या त्यांच्या पिचरवरून. त्याला चार लागले, म्हणून मी साखरपुडा मोडला."