पोत्याने घेतलं की स्वस्त

"सुटा दुधी केवढ्याला आणि पोतं केवढ्याला, ते आधी ऐकून घे," असं म्हणत गोपाळकृष्ण आगट्यांनी दुधीभोपळ्याचं अख्खं पोतं हॉलमध्ये आणून टाकलं, तेव्हा आनंदीताईंचे वीस डबे अजून भरून व्हायचे होते.

आयटी कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुलांसाठी आनंदीताई बिबवेवाडीतल्या घरीच डबे करत. मुलं लांबून आलेली, त्यांच्या आमटीवर जीव टाकणारी. नफा थोडा असला तरी तो स्वतःचा होता, आणि त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. बँकेत संगणक आल्यावर गोपाळकृष्णांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. बेरजा सुटल्या, बेरजेची सवय सुटली नाही. सकाळी फिरायला म्हणून ते मार्केट यार्डात गेले आणि घाऊक भाव ऐकून परत आले ते वेगळेच माणूस होऊन.

"अहो, पण एवढा दुधी वीस डब्यांत संपायचा कसा?"

"वीसच का? साठ कर. शेगडी तीच, कुकर तोच, तूही तीच. डब्यामागे खर्च कमी."

"मी तीच आहे, पण हात दोनच आहेत माझे."

म्हणून मदतीला इंदुबाई आल्या. साठ डबे सुरू झाले आणि गंमत म्हणजे डब्यामागचा खर्च खरंच उतरला. गोपाळकृष्णांना लहान मुलासारखं कुतूहल वाटू लागलं. हा खर्च असा उतरत उतरत थांबतो तरी कुठे? ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. साठ डबे स्कूटरवर मावेनात म्हणून टेम्पो आला, आणि तो चालवायला सोनबा. टेम्पो अर्धा रिकामा धावतो हे मालकांच्या जिवाला लागलं, म्हणून दोनशे डबे झाले. ते घरात मावेनात म्हणून कात्रजच्या बाजूला गाळा घेतला. निवृत्तीचे सगळे पैसे त्या गाळ्यात गेले. दारावर 'आनंदी डबा' अशी ठसठशीत पाटी लागली आणि आनंदीताई डायरेक्टर झाल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी पळी उचलली, तर गोपाळकृष्णांनी ती काढून घेतली.

"डायरेक्टर फोडणी घालत नसतात."

"मग काय करतात?"

"देखरेख."

आठवडाभर देखरेख करून त्या वैतागल्या आणि घरी बसल्या. गाळ्यात त्यांची उणीव कुणालाही भासली नाही, कारण भासायला वेळच नव्हता. दोन आचाऱ्यांचं आपसात पटेना. आमटीत मीठ एक दिवस दोघेही घालत आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. त्यांच्यावर नजर ठेवायला हिंमतराव नावाचे मुकादम आले. मग तूप हिंमतरावांच्या घरी जातं अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा हिंमतरावांवर नजर ठेवायला आणखी एक माणूस घ्यावा लागला. तो फक्त नजरच ठेवत असे. डब्यामागचा खर्च आता वर चढू लागला होता आणि गोपाळकृष्ण चकित होऊन त्याच्याकडे बघत होते. उरलेल्या भाजीची पोती घराच्या गॅलरीत साठत होती.

अशात गिऱ्हाइकं गळू लागली. आधी गेली ती जुनी वीस मुलं. निवृत्तीचे पैसे डोळ्यांसमोर बुडताना दिसू लागले, तसे गोपाळकृष्ण जेवणाच्या सुट्टीत थेट कंपनीच्या फाटकावर गेले आणि त्यांनी अभिनवला गाठलं. अभिनव म्हणजे आनंदीताईंचं अगदी पहिलं गिऱ्हाईक.

"सॉरी काका, दुसरीकडे डबा लावलाय. टेस्ट एकदम भारी आणि तुमच्यापेक्षा स्वस्त."

"स्वस्त? किती डबे करतात ते?"

"वीसच. एकविसावा मागितला तर सरळ नाही म्हणतात."

राग यायच्या आधी त्यांना नवल वाटलं. वीस डब्यांत एवढ्या स्वस्तात परवडतं कसं?

"कोण आहे हा माणूस?"

"नाव सांगायचं नाही, असं प्रॉमिस केलंय काका. पण थोडं खाऊन बघा ना," हातातला डबा उघडत अभिनव म्हणाला.

गोपाळकृष्णांनी आमटीचा एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही. रिक्षा करून ते तडक घरी आले. कित्येक महिन्यांत दुपारचे ते घरी फिरकले नव्हते. ओट्यावर विसाव्या डब्याला आनंदीताई झाकण लावत होत्या.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"उशिराच्या पाळीतल्या मुलाचा," आनंदीताई शांतपणे म्हणाल्या. "मला नाही राहवलं. मुलं म्हणाली, काकू, आमटीला चव राहिली नाही. माझ्या नावाची पाटी आहे तिथे."

"ते ठीक आहे. पण परवडतं कसं तुला? भाडं?"

"घर आपलंच आहे."

"भाजी?"

"गॅलरीतल्या पोत्यांतली. तुमची उरतेच रोज."

"पोचवतं कोण?"

"सोनबा. हल्ली टेम्पो रिकामाच असतो, जाता जाता सोडतो."

"आणि हाताखाली?"

"इंदुबाई. पगार गाळ्यातून मिळतो त्यांना, पण तिथे काम असतं कुठे?"

गोपाळकृष्ण स्टुलावर बसले. मनातल्या मनात त्यांनी बेरीज करून पाहिली. ती बिनचूक होती. त्यांना एकदम हलकं हलकं वाटलं.

"जिंकलीस बाई," ते म्हणाले. "हरलो मी. उद्यापासून गाळा बंद."

आनंदीताईंचा हात झाकणावरच थांबला.

"बंद?" त्या घाबरून म्हणाल्या. "अहो, मग मला परवडायचं कसं?"