सोसायटीच्या भिंतीवरचा डोळा

पुणे जिल्ह्यातला सर्वांत तल्लख गुप्तहेर बहुधा मीच. शिरूरच्या वाचनालयातलं रहस्यकथांचं अख्खं कपाट मी वाचलंय. बऱ्याच पुस्तकांना शेवटची पानं नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं.

नव्याण्णवच्या निवडणुकीच्या दिवसांत आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या भिंतीवर दरवाजाएवढा डोळा दिसू लागला. नुसता डोळा. खाली चुन्याचा पट्टा.

"पाळतशाही!" मी शेजारच्या साखरबाईंना म्हणालो. "चेअरमन हौसरावांचे विचारपोलीस सुटलेत. मनातलंसुद्धा ओळखतात."

"मग माझ्या मनातलं वळखा म्हणावं," साखरबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मोतीबिंदूचं शिबिर कवा हाय, कुणी सांगंना. औंदा चुकलं तर आंधळीच व्हईन मी, आप्पा."

गुप्तहेरानं किरकोळ गोष्टींत गुंतू नये.

माझे शब्द गावभर झाले. सुना सासूला विचारपोलीस म्हणू लागल्या. भिंतीच्या आडोशाला बसणारे बंद झाले. सोसायटीची सभा त्याच भिंतीपुढं भरली, तर दुधाला फॅट कमी का लावता, हे एकानंही विचारलं नाही. सगळे डोळ्याकडं बघत गप्प.

मी तर्क लढवले. बुबुळ पूर्वेला, म्हणजे कटाचं मूळ दौंडात. पापण्यांचे केस नऊ, संचालकही नऊ. दहावा केस मागाहून सापडला. तो कोळ्याचा पाय निघाला. आरिफ पेंटरवर मी संशय घेतलाच नाही. हाताला रंग असणं हा पुरावा मला फारच ढोबळ वाटला.

एकदा तोच सायकलवरून चालला होता. साखरबाईंनी हाक मारली, "आरिफ, शिबिराची जाहिरात तूच रंगवणार होता न्हवं? कुठं हाय?"

"ही काय तुमच्या म्होरं, मावशी! डोळा काढला, खाली तारीख आन् चेअरमनचं नाव. तवर आचारसंहिता लागली. नाव पुस म्हनले. मी खालचं समदंच पुसलं. अर्धवट बरं दिसत न्हाई."

"आन् तारीख?"

"उद्या. यवतला."

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी त्यांना घेऊन गेलो. एवढं मात्र मला जमलं.

निकाल लागल्यावर आरिफ भिंत पुसायला आला. हौसरावांनी शिडी अडवून धरली. "डोळ्याला हात लावू नगं. एवढी गुणाची सभा बापजन्मात झाली न्हाई. आप्पा, काय तो तुमचा शब्द? पाळतशाही? लई झ्याक!"

तेवढ्यात काळा चष्मा लावलेल्या साखरबाई पुढं आल्या. डोळा नीट न्याहाळला. "वाकडाच काढलाय की रं," म्हणाल्या. मग हौसरावांकडं वळल्या. "चेअरमन, माझ्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी कशी लागती वो?"

"हळू," मी कुजबुजलो, "तो डोळा बघतोय."

"बघू द्या की. आता मला बी दिसतंय."